दूध संस्थेकडे तपासणीसाठी वर्षाला ६०,००० रुपये आहेत. ते कशावर खर्च करावेत?

सचिव, करवीर

नमस्कार. मी करवीर तालुक्यातील एका गावच्या प्राथमिक दूध संस्थेचा सचिव आहे. आमचे १८० उत्पादक सभासद आहेत, दोन्ही वेळचे मिळून सुमारे १,४०० लिटर दूध जमा होते आणि त्यातले बहुतांश म्हशीचे असते. यंदाच्या वार्षिक सभेने दुधाची सुरक्षितता तपासण्यासाठी ६०,००० रुपयांची स्वतंत्र तरतूद मंजूर केली. फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) आम्ही रोज मोजतो, पाणी किंवा युरियाची शंका आली तर तेही पाहतो. त्यासाठी ही रक्कम नाही. डोळ्याला, जिभेला आणि संकलनाच्या यंत्राला जे कळत नाही, म्हणजे अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष), प्रतिजैविकांचे अंश, ब्रुसेलोसिस (जनावरांत गर्भपात घडवणारा आणि माणसालाही होणारा जंतुसंसर्ग), कीटकनाशके, जड धातू, त्यांच्यासाठी ती आहे.

संचालक मंडळात दोन मते आहेत. एक मत असे की पैसे सर्वांचे आहेत, म्हणून प्रत्येक सभासदाच्या दुधाची वर्षातून एकदा सारखी तपासणी व्हावी, म्हणजे कोणाला बोलायला जागा राहणार नाही. दुसरे मत असे की सगळी रक्कम प्रतिजैविकांच्या तपासणीवर घालावी, कारण टँकर परत आला तर नुकसान संस्थेचेच होते. मला दोन्ही पटत नाहीत. पण का पटत नाहीत हे मंडळासमोर नीट मांडता येत नाही. सभासदाची वर्षातून एक तपासणी म्हणजे त्याच्या एका दिवसाच्या दुधाची माहिती, आणि उरलेल्या ३६४ दिवसांबद्दल आपण काहीच म्हणू शकत नाही, एवढे मात्र समजते. दरपत्रके मागवली तेव्हा हेही दिसले की प्रयोगशाळेतून सर्व बाबींची संपूर्ण तपासणी करून घ्यायची ठरवली तर ही रक्कम अगदी थोड्या नमुन्यांत संपेल.

माझ्या घरचा एक प्रसंग सांगतो, कारण हा विषय सभेपुढे मी त्यामुळेच नेला. गेल्या पावसाळ्यात आमच्या एका म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली, सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडली आणि तिचे दूध संस्थेला घालायचे नाही हे मी कटाक्षाने पाळले. ते दूध मात्र घरात वापरले गेले. सलग दोन दिवस विरजण लागले नाही तेव्हा आई म्हणाली, "दुधातच काहीतरी आहे." ते दूध माझी दोन्ही मुले पीत होती. दुसऱ्याच्या घरी जाऊ नये म्हणून जे दूध आपण थांबवतो, ते आपल्या मुलांच्या पेल्यात जाते, हे त्या दिवशी लक्षात आले आणि ते मनातून जात नाही.

तेव्हा अनुभवी मंडळींनी सांगावे: इतक्या थोड्या पैशांत काय तपासावे, काय सोडून द्यावे, आणि सोडून देण्याचे कारण सभासदांना कोणत्या शब्दांत सांगावे?

निवृत्त पशुवैद्य, कागल

सचिवसाहेब, आपण सोडून देण्याचाही प्रश्न विचारलात, याबद्दल आपले अभिनंदन. बहुतेक ठिकाणी धोक्यांची यादी तयार होते आणि तिच्यातील प्रत्येक ओळीवर थोडे थोडे पैसे टाकले जातात. मग कोणत्याच ओळीबद्दल ठामपणे काही सांगता येत नाही.

मी प्रत्येक धोक्याला तीन प्रश्न विचारेन. आपल्या भागात तो येण्याची शक्यता किती आहे? दूध तापवल्याने तो जातो का? आणि तपासणीत सापडलाच, तर दुसऱ्या दिवशी सकाळी संस्था वेगळे काय करणार आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तर ती तपासणी कितीही आधुनिक असली तरी आपल्या पैशांतून करू नये. जड धातूंचा अहवाल तीन आठवड्यांनी आला आणि त्यावर आपल्याला करता येण्यासारखे काही नसेल, तर ती कामे शासनाच्या आणि मोठ्या संघांच्या प्रयोगशाळांवर सोडावीत.

शक्यतेबद्दल एक आधार आपल्याकडे आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यांपैकी ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन एम१ (त्या विषाचा दुधात उतरणारा प्रकार) मर्यादेपेक्षा जास्त निघाले, ७७ नमुन्यांत प्रतिजैविके मर्यादेपेक्षा जास्त निघाली, आणि भेसळीमुळे असुरक्षित ठरलेले नमुने होते केवळ १२. गावोगावी भेसळीचीच चर्चा चालते. पण अफ्लाटॉक्सिनचे नमुने भेसळीच्या तीसपट होते, आणि ते पशुखाद्यातून येते. दूध उकळल्याने ते जात नाही. प्रतिजैविकांचे अंशही घरगुती उकळीने भरवशाने नष्ट होत नाहीत. ब्रुसेलाचे जंतू मात्र नीट उकळलेल्या दुधात टिकत नाहीत, म्हणून दूध पिणाऱ्यापेक्षा गोठ्यात काम करणाऱ्याला त्यांचा धोका अधिक. या एका फरकाने आपली अर्धी विभागणी होऊन जाते.

आता ब्रुसेलोसिसबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण हा आजार मी गोठ्यांत आणि माणसांत, दोन्हीकडे पाहिला आहे. त्यासाठी सरसकट रक्त तपासत बसू नका. गाय किंवा म्हैस पाचव्या महिन्यानंतर गाभडली (तिचा गर्भपात झाला), किंवा वार अडकली, तर तीच आपली पहिली खूण. संस्थेत एक वही ठेवा आणि गाभडलेल्या प्रत्येक जनावराची नोंद कानातल्या बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकासह करा. अशी नोंद झाली की पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार ब्रुसेलोसिस हा अनुसूचित रोग आहे आणि त्याचा संशय आल्यावर कळवणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे जाऊ शकतात. ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी आणि पारड्यांना आयुष्यात एकदा द्यायची लस राष्ट्रीय कार्यक्रमातून मिळते. म्हणजे या धोक्यावर संस्थेचा खर्च वही, रबरी हातमोजे आणि चुना एवढाच. गाभडलेले वासरू उघड्या हाताने उचलून उकिरड्यावर टाकण्याची पद्धत थांबली, तरी पुष्कळ घरे वाचतील. गायींच्या एकत्रित दुधासाठी रिंग टेस्ट (ब्रुसेलोसिसची दुधावरची चाचणी) स्वस्त असते, पण म्हशींच्या दुधात तिच्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही, आणि आपले दूध म्हशीचे आहे.

लाळ-खुरकूत, लम्पी यांवरही हे पैसे घालू नका. ते रोग लपून राहत नाहीत, आणि त्यांच्या लसीकरणाची यंत्रणा शासनाची आहे.

ताई, शिरोळ

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे मला मान्य आहे. तरी एका उत्पादक बाईच्या बाजूने काही सांगते. जोखीम पाहून तपासणी करायची म्हटले की ती कोणाकडे वळते हे आम्ही पाहिले आहे. ज्याच्याकडे एक-दोन म्हशी आहेत, ज्याच्या गोठ्याला पत्रा नाही, ज्याचा संचालकांशी संबंध नाही, त्याच्या कॅनचा नमुना आधी घेतला जातो. वीस जनावरांचा गोठा स्वच्छ दिसतो म्हणून तिकडे कोणी जात नाही. खरे तर औषधांचा वापर मोठ्या गोठ्यात अधिक असू शकतो, आणि तिथून येणारे दूधही अधिक असते. म्हणून जोखीम माणसावरून ठरवू नये. खाद्याच्या पोत्यावरून, हंगामावरून आणि उपचाराच्या नोंदीवरून ठरवावी, आणि हा नियम तपासणी सुरू होण्याआधी फलकावर लिहून लावावा.

पोत्याबद्दल तर मला पोटतिडकीने सांगायचे आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानंतर आमच्या भागात भिजलेली पेंड आणि भरडा वाळवून पुन्हा जनावरांपुढे टाकला गेला. आम्हीही टाकला. वैरण वाहून गेली होती, उसाचे वाडे मिळायला गळीत हंगाम लांब होता, आणि पोते फेकून देण्याची कोणाची ऐपत नव्हती. बुरशीचा वास येत होता हे खोटे कशाला बोलू. त्या वेळी कोणी येऊन दुधाचा नमुना घेतला असता आणि आम्हाला दोषी ठरवले असते, तर त्याचा काय उपयोग होता? त्या आठवड्यात चांगले पोते उधारीवर मिळणे, हीच खरी गरज होती.

विश्लेषक, कोल्हापूर शहर

मी अन्न तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. मंडळासमोर मांडायला उपयोगी पडेल असे गणित देतो.

समजा १८० पैकी ९ सभासदांच्या दुधात, म्हणजे शंभरात पाच जणांकडे, एखादा दोष आहे. त्यांपैकी निदान एक तरी हाती लागावा याची ९५ टक्के खात्री हवी असेल, तर यादृच्छिक पद्धतीने निवडलेले सुमारे ५० नमुने एकाच वेळी घ्यावे लागतात. हेच ५० नमुने दर महिन्याला चार-चार करून वर्षभर पसरले, तर ती खात्री उरत नाही, कारण दोष ज्या पंधरवड्यात होता त्या पंधरवड्यात आपण चारच बाटल्या पाहिलेल्या असतात. सर्वांची सारखी तपासणी न्यायाची वाटते. पण धोका वर्षभर सारखा पसरलेला नसतो, आणि म्हणून ती तपासणी कोणाचेच रक्षण करत नाही.

प्रतिजैविकांचा स्वभाव वेगळा आहे. पेनिसिलीनची दुधातील मर्यादा किलोला ४ मायक्रोग्रॅम आहे. सडात सोडलेल्या औषधापैकी केवळ १०० मिलिग्रॅम दुधात उतरले, तरी ते २५,००० किलो दूध मर्यादेपर्यंत नेऊ शकते. त्यामुळे इथे मिसळण्याने दोष लपत नाही. आपले १,४०० लिटर दूध ज्या बल्क कूलरमध्ये (दूध थंड ठेवण्याच्या टाकीत) जाते, तिथल्या दुधाच्या एका तपासणी-पट्टीने सर्व १८० जणांची एकदम चौकशी होते. पट्टी कोणत्या औषधगटांसाठी आहे एवढे वेष्टनावर पाहून घ्या; बीटा-लॅक्टम गटासाठीची (पेनिसिलीन ज्यात येते त्या गटाची) पट्टी टेट्रासायक्लिन हे दुसऱ्या गटाचे औषध दाखवणार नाही. फॅटसाठी घेतलेल्या बाटल्यांतील उरलेले दूध निकाल येईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा. कूलरचा निकाल दोषी आला, तर १५ जणांचा एक असे १२ गट करून प्रत्येक गटाची एक पट्टी लावा, आणि जो गट सापडेल त्यातील १५ जणांची वेगवेगळी लावा. १८० ऐवजी २७ पट्ट्यांत दूध कोणाचे ते कळते.

अफ्लाटॉक्सिनमध्ये मात्र मिसळणे फसवे ठरते. भारतातील मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. एका घराच्या दुधात २.५ असेल आणि ते तेवढ्याच मापाच्या इतर १९ निर्दोष घरांच्या दुधात मिसळले, तर एकत्र नमुन्यात ०.१२५ दिसेल आणि आपण निश्चिंत होऊ. ग्राहकापर्यंत ते पातळ होऊन जाते हे खरे. पण त्या घरातली मुले २.५ चेच दूध पितात. सचिवसाहेबांनी सांगितलेला प्रसंग इथेही लागू पडतो. म्हणून १८० जणांचे एकत्र दूध तपासण्याऐवजी एकाच खेपेचे खाद्य वापरणाऱ्यांचे गट करा. पेंडेच्या पोत्यातून मूठभर नमुना घेऊन फारसा भरवसा येत नाही, कारण बुरशी पोत्यात सगळीकडे सारखी नसते. एका कोपऱ्यात खूप, दुसऱ्यात काहीच नाही, असे असते. पोत्याचा नमुना घ्यायचाच असेल तर अनेक पोत्यांतून, पोत्याच्या वर-खाली-मध्ये असा थोडा थोडा माल काढून, दळून, एकत्र करून त्यातला भाग पाठवा. जनावर मात्र आपण होऊन ही सरासरी काढत असते: खाद्यातून खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिन बी१ चा काही टक्के अंश एका दिवसाच्या आत एम१ होऊन दुधात दिसू लागतो आणि दूषित खाद्य थांबवल्यावर साधारण तीन-चार दिवसांत उतरतो. त्यामुळे नव्या खेपेची पोती सुरू झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या गटाचा दुधाचा नमुना घेणे सर्वांत फलदायी ठरते, आणि दोष सापडला तर उपायही लगेच हातात असतो.

एकाच स्रोतातून आलेल्या खाद्याने किती गोठे बाधित होतात, हे युरोपातही दिसले आहे. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये खाद्यात वापरलेली चरबी पीसीबी आणि डायॉक्सिन या विषारी रसायनांनी दूषित झाली आणि शेकडो फार्म बंद ठेवावे लागले; २०१३ च्या सुरुवातीला सर्बियातून आलेल्या मक्यातील अफ्लाटॉक्सिन जर्मनीतील गोठ्यांपर्यंत पोहोचले. दोन्ही वेळी मूळ खाद्याच्या पुरवठ्यात होते.

सुमारे दहावा हिस्सा मात्र चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्यांसाठी राखून ठेवा. आपण जिथे शोधतो तिथेच सापडते, आणि जिथे कधी पाहतच नाही तिथे सर्व ठीक आहे असे आपण धरून चालतो. ही चूक त्या चिठ्ठ्यांनीच उघडी पडेल.

गंगावेशकर

विषयाला धरूनच एक सांगतो. आमच्याकडे कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी करून धार काढून दिली जाते, आणि ते धारोष्ण दूध तिथेच पिणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. या परंपरेचा मला अभिमान आहे आणि ती बंद व्हावी असे मी म्हणणार नाही. पण उकळल्यावर ब्रुसेला जातो, हा डॉक्टरसाहेबांचा आधार इथे लागू पडत नाही. ज्या म्हशींचे दूध कच्चे प्यायले जाते, त्या मोजक्या म्हशींची रक्त-तपासणी हा खर्च मला सर्वांत आधीचा वाटतो. संख्या कमी आहे, मालक ओळखीचे आहेत.

निवृत्त पशुवैद्य, कागल

गंगावेशकरांचे म्हणणे रास्त आहे आणि माझ्या लिहिण्यातली उणीव त्यांनी दाखवली. धोका जनावरात जेवढा असतो, तेवढाच तो दूध कसे प्यायले जाते यातही असतो. कच्चे दूध देणाऱ्या म्हशींसाठी ब्रुसेलोसिस आणि क्षय, दोन्हींची तपासणी व्हायला हवी.

सचिव, करवीर

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आपल्या उत्तरांवरून मंडळापुढे ठेवण्यासाठी कच्चा आराखडा केला आहे.

प्रतिजैविकांसाठी २४,००० रुपये, आणि त्यातला मोठा भाग श्रावण ते मार्गशीर्ष या काळात, कारण आमच्याकडे म्हशी बहुतेक त्याच सुमारास वितात आणि विल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात दगडीचे उपचार सर्वाधिक होतात. उरलेल्या महिन्यांत कूलरची पट्टी ठरावीक वारी न लावता चिठ्ठीने निघालेल्या दिवशी लावू. अफ्लाटॉक्सिनसाठी १५,००० रुपये, खाद्याच्या खेपेप्रमाणे गट करून, आणि भर जून ते ऑक्टोबर या महिन्यांवर. चिठ्ठ्यांच्या नमुन्यांसाठी ६,०००. वही, हातमोजे आणि चुना किरकोळ खर्चातून बसवू. कीटकनाशके आणि जड धातू यांना काहीही नाही. त्याचे कारण डॉक्टरसाहेबांच्या तिसऱ्या प्रश्नासह फलकावर लिहून लावेन. ताईंच्या सूचनेप्रमाणे निवडीचा नियमही तिथेच असेल आणि त्यात सभासदाचे नाव किंवा गोठ्याचा आकार कुठेही येणार नाही.

१५,००० रुपये उरतात. ते कीटकनाशकांकडे वळवावेत असे एका संचालकांचे म्हणणे आहे. माझे मन तिकडे वळत नाही, पण दुसरा पर्यायही सुचत नाही.

ताई, शिरोळ

सचिवसाहेब, ते पैसे तपासणीवर घालूच नका. उपचार झालेल्या म्हशीचे दूध जो सभासद स्वतः येऊन सांगेल आणि थांबवेल, त्याला त्यातून भरपाई द्या. औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस थांबवायचे ते लिहिलेले असते, आणि दुधासाठी तपासून ठरवलेला कालावधी नसेल तर किमान ७ दिवस, हा नियम २०१२ पासून आहे. हे बऱ्याच जणांना माहीत आहे. पण दहा दिवसांच्या बिलातून घराचे तेल-मीठ येते, आणि पाच दिवसांचे दूध ओतून द्यायचे म्हटले की माहीत असूनही माणूस गप्प बसतो.

म्हैस दिवसाला ६ लिटर दूध देते असे धरा. पाच दिवसांचे ३० लिटर होते. लिटरला ५० रुपये धरले तर १,५०० होतात. त्यातले निम्मे, ७५० रुपये, संस्थेने दिले तर १५,००० रुपयांत वर्षाला २० जणांना आधार मिळेल. आणि ज्याने स्वतः सांगितले त्याची पट्टी दोषी आली तरी त्याला दंड नाही, हेही त्याच ठरावात घ्या. मी आमच्या संस्थेत हे दोनदा मांडले. दोन्ही वेळा सभेत वेळ संपली म्हणून विषय पुढे गेला. तुमच्याकडे तो मंजूर झाला तर ठरावाचा मजकूर इथे जरूर टाका, तो घेऊन मी पुन्हा उभी राहीन.

सचिव, करवीर

ताई, पंधराशेपैकी निम्म्यावर मंडळ तयार होईल असे वाटते. आणखी एक अट मी घालणार आहे: भरपाई घेताना, ते दूध घरातही वापरणार नाही, हे सभासदाने लिहून द्यायचे. बैठक येत्या गुरुवारी आहे; ठराव झाला की मजकूर इथे टाकतो.